तोंडात बी धरलेला मुर्तझा

माझा थोरला दीर मुर्तझा बोलायच्या आधी मारायचा. पाणचक्कीवाल्याचा जबडा त्याने पिठाच्या मापावरून मोडला. आमच्या लग्नात नवरदेवाने उलट उत्तर दिलं म्हणून नवरदेवाचाच पुढचा दात पाडला. नवरदेव म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, माझा सिब्तैन. त्या फटीतून सिब्तैन शीळ फार छान घालायचा, म्हणून तेवढ्यापुरतं मी दिराला सोडून दिलं होतं.

आमचं थलमो गाव शिगर खोऱ्यात, उंचावर. वरचं बर्फ मागे हटत गेलं आणि आमचा ओढा ऐन उन्हाळ्यात कोरडा पडू लागला. जव दाणा धरायच्या आत करपायचे. शेवटी गावाने नवी हिमनदी लावायचं ठरवलं. आमच्याकडे बर्फातही नर-मादी मानतात, दोघांचं लग्न लावलं की नवी हिमनदी रुजते. नराचं बर्फ काळं, दगडगोट्यांनी भरलेलं. मादीचं निळसर, पाणी सोडणारं. दोन्ही टोपल्यांत भरून पाठीवरून वरच्या सावलीतल्या कपारीत न्यायचं आणि कोळसा-भुसा घालून एकत्र पुरायचं. वाटेत ओझं टेकवायचं नाही आणि वाहणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही. कुणी बोललं की लग्न मोडलं, मग ते बर्फ रुजत नाही.

मादीचं सर्वांत जड ओझं मुर्तझाशिवाय कुणाला पेलणार होतं? गावातले सर्वांत वयस्क आजोबा, आपो रोझी, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुझ्या पाठीची काळजी नाही रे मला. तोंडाची आहे."

"शिवून टाका."

"सुई मोडेल." आपोंनी खिशातून जर्दाळूची बी काढली. "ही दातांत धर. वर पोचलास की थुंक."

"आपो, याच्या हातांसाठीपण काहीतरी द्या की," सिब्तैन म्हणाला. मुर्तझाने त्याच्या डोक्यात टपली मारली. भावाच्या हातची ती शेवटची.

खालच्या गोंडूस गावाला हे नको होतं. नवी हिमनदी रुजली तर ती त्यांच्या नाल्याचं बर्फ ओढून घेईल, अशी त्यांची समजूत. कड्याच्या अरुंद वाटेवर त्यांची माणसं काठ्या घेऊन आडवी आली. मी तिथे नव्हते. जे परत आले त्यांनी सांगितलं तेच सांगते. काठ्या पडत होत्या आणि आमची माणसं चालत होती. कुणाचं नाक फुटलं, कुणाची बरगडी मोडल्याचा आवाज मागच्याला ऐकू आला. मुर्तझाच्या कपाळाची कातडी फाटून डोळ्यावर लोंबली. ज्याला कुणी रोखून बघितलेलं खपत नसे तो माणूस टोपलीची दोरी दोन्ही हातांनी धरून पुढे जात राहिला. मग वरून गोंडूसच्या करीमने दगड लोटला. तो सिब्तैनच्या डोक्यात बसला आणि सिब्तैन टोपलीसकट दरीत गेला. पडतानाही ओरडला नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक नको आहे.

माणूस मेला म्हटल्यावर गोंडूसवाले पळाले. आमच्यांनी वर जाऊन उरलेलं बर्फ पुरलं. मुर्तझाने बी थुंकली तेव्हा तिचे तुकडे झाले होते, सोबत दाढेचाही तुकडा पडला. तिथून तो सरळ गोंडूसला उतरला, करीमला घरातून फरफटत बाहेर आणलं आणि त्याचे दोन्ही गुडघे दगडाने ठेचले. करीम पुन्हा चालला नाही. मुर्तझाला स्कर्दूच्या तुरुंगात नेलं.

मी मात्र सगळ्यांना एकच विचारत राहिले. सिब्तैनच्या मागे कोण होतं? मुर्तझा. मग त्याला दगड दिसला का?

"धूळ होती गं, हलीमा," सगळे म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे.

मुर्तझा सुटून आला तो कुत्र्यालाही हाड म्हणेना. माझं शेत नांगरून द्यायचा, लाकडं आणून टाकायचा, उंबऱ्याच्या आत मात्र यायचा नाही. गाव म्हणालं, सुधारला. मला ते पटत नव्हतं. त्याच्यासारखा माणूस उगाच सुधारत नाही.

कपारीतलं बर्फ वाढत राहिलं. सिब्तैन गेला तेव्हा पाळण्यात असलेली माझी पोर लग्नाची झाली, त्या उन्हाळ्यात पाटाला पाणी आलं. गावाने पहिली पाळी मला दिली. मी फावडं घेऊन शेताच्या बांधाशी गेले, तर पाट साफ करत मुर्तझा एकटाच उभा होता.

"भावजी, दगड दिसला होता का?"

"दिसला होता."

"मग?"

"नुसतं 'खाली बस' म्हटलं असतं तरी वाचला असता. मी नाही म्हटलं."

मी फावडं उचललं आणि त्याच्या खांद्यात घातलं. मग कानशिलावर, पात्याच्या सपाट बाजूने. तेवढंच शहाणपण माझ्यात उरलं होतं. मग पाठीवर. किती वेळा ते आठवत नाही. हात वर करणं सोडाच, त्याने दोन्ही मुठी छातीशी आवळल्या होत्या, टोपलीची दोरी धरावी तशा. मला तो ओरडायला हवा होता. एकदा तरी त्याच्या तोंडून आवाज निघावा म्हणून मी मारत होते.

तो पाटात गुडघ्यांवर बसला. कानातून रक्त गळत होतं.

"हलीमा," तो म्हणाला, "आधी पाणी वळव. पाळी जाईल."

माझे जव माना टाकून उभे होते. त्याच फावड्याने मी बांध फोडला. त्याच्या गुडघ्यांवरून आलेलं पाणी लालसर होऊन माझ्या शेतात शिरलं, आणि मी पुढचा वाफा मोकळा करायला गेले.