न झालेल्या मयतीचा बंदोबस्त

ती घटना अजूनही माझा पिच्छा सोडत नाही. बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी घेत असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, आमदार साहेब आमच्या गावात सांत्वनाले येऊन राह्यले. पन गावात मयतच नाही झाली."

आमच्याकडचे लोकप्रतिनिधी बाकी काहीही चुकवतील, लग्न आणि मयत चुकवत नाहीत. हे हेरूनच कोणीतरी खोटा निरोप पाठवला होता. कशासाठी? दगडफेक, शाई, पेट्रोल, नको नको ते डोळ्यांसमोर आलं. दौरा दुपारचा होता. वरिष्ठांना कळवलं, स्टेशन डायरीला नोंद केली आणि कर्मचारी घेऊन निघालो.

गावाबाहेरच्या नाल्यातून जीप कशीबशी पार झाली. निरोप ज्या मोबाईलवरून गेला, तो भाजीपाला लावणाऱ्या एका शेतकऱ्याचा निघाला. आई वारल्याचं त्याने कळवलं होतं. आई ओट्यावर गवारीच्या शेंगा निवडत बसली होती.

घराची झडती घेतली. संशयास्पद काहीच सापडलं नाही. त्याला समोर बसवलं. "मेसेज काऊन पाठवला रे?" उलटसुलट विचारलं, आवाज चढवला. लपवणारा माणूस सहसा दाराकडे बघतो. हा सारखा आभाळाकडे बघत होता. त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटू लागली. आभाळ भरून येत होतं आणि वरून फोनवर फोन येत होते.

शेवटी म्हातारीच बोलली. "त्याले काऊन दटावता, साहेब? मीच म्हनलं त्याले, मले मार."

"म्हणजे?"

"सुनेचे दिवस भरत आले. नाल्याले पूर आला का गाव तुटते. पुलासाठी पोरानं आमदाराच्या हापिसात चपला झिजवल्या. साहेब बैठकीत हायेत म्हनतेत, फोन उचलत नाहीत. लगनाले येतेत, मयतीले येतेत. आता लगनाचं घरात कोणी नाही. मंग म्हनलं, माही मयत सांग. त्याहिची गाडी नाल्यात उतरन, तवा दिसन त्याहिले."

मी आमदारांच्या स्वीय सहायकाला फोन लावला. मयत झालेली नाही हे सांगितलं, पण साहेब आले तर बरं होईल, असंही म्हणालो.

"मयत नाही? मग गाड्या पुढच्या कार्यक्रमाला वळवतो," तो म्हणाला. निरोप का पाठवला, हे त्याने विचारलं नाही. मला संताप आला, पण गणवेशात तो गिळावा लागतो.

मुलाचा जबाब नोंदवला आणि समज देऊन सोडलं. नाल्याचं पाणी वाढायच्या आत सुनेला आमच्याच जीपमधून तालुक्याला तिच्या मावशीकडे पोहोचवायचं ठरवलं. पुढे बाळंतपण तिथे सुखरूप झालं.

त्यानंतर खोटी तक्रार घेऊन कोणी समोर आलं की मी आधी विचारत असे, यापूर्वी खरं किती वेळा सांगून झालं? अनेकांचं इतक्या वेळा सांगून झालेलं असायचं, की आठवून आठवून मोजावं लागायचं.

त्या दिवशी सुनेला बसवून निघताना म्हातारी जीपपाशी आली. "आले नाहीत का ते?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग आता खरंच मरा लागन का मले?" तिने विचारलं. ती चिडलेली नव्हती, तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.