येणाऱ्याचा चमचा

माझ्या बायकोच्या मावशींइतका तराजूचा हाडवैरी अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. वाणी साखर तोलायला लागला की त्या तोंड फिरवून उभ्या राहत. ‘‘दुकानात तोलावं, जावईबापू. घरचं अन्न तोललं की घर कद्रू होतं,’’ हे त्यांचं शास्त्र. एका दिवाळीला मी त्यांना चांगला पितळी तराजू भेट दिला. आठवड्याने पाहतो तो अंगणात टांगलेला, एका पारड्यात चिमण्यांना दाणे आणि दुसऱ्यात पाणी! माप म्हणजे त्यांचा वाढायचा चमचा. मैदा चमच्याने, साखर चमच्याने, तूपही चमच्याने. मग परातीत पीठ मळून, गोळे वळून त्या भट्टीवाल्या चाचांकडे पाठवत आणि तिथून भाजून येई ती नानकटाई. ती उत्तम असे, हे कबूल करायला मला आजही राग येतो.

माझी कुसुम लग्न होऊन इंदूरला निघाली तेव्हा तिने एकच हट्ट धरला. ‘‘बाबा, मला मावशीआजीची नानकटाई आली पाहिजे. सासरी पहिल्यांदा तीच करणार.’’ हातात दिवस आठ. मी वही घेऊन मावशींकडे गेलो.

‘‘मैदा आठ चमचे, शिगोशीग. साखर चार. तूप चार. हे झालं एक माप. अशी हवी तितकी घाला.’’

‘‘चमचा म्हणजे किती तोळे?’’

‘‘चमचा म्हणजे चमचा! तुम्ही वकील का नाही हो झालात?’’

त्यांनी भरलेले तीन चमचे मैदा मी तीन पुड्यांत बांधून घरी नेला आणि तोलला. पहिला एक तोळा अकरा मासे, दुसरा एक तोळा दहा मासे, तिसरा दोन तोळे तीन मासे. एकच बाई, एकच चमचा, आणि उत्तरं तीन! मी संतापाने सरासरी काढली. बरोबर दोन तोळे. साखर-तुपाचंही तसंच करून सुवाच्य तक्ता तयार केला. कुसुमने त्याबरहुकूम सामान तोललं, पीठ मळलं आणि परात भट्टीवर धाडली.

संध्याकाळी चाचा स्वतः पत्रा घेऊन आले. सगळे गोळे वितळून एक झाले होते. ‘‘साहेब, ये नानकटाई है की धिरडं?’’

कुसुम रडायला लागली. मी तडक मावशींकडे गेलो आणि म्हटलं, ‘‘माझ्यासमोर करा.’’ त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. आठ झाले. मग तोंड मिटून त्यांनी आणखी एक चमचा परातीत टाकला, चांगला डोंगराएवढा.

‘‘मावशी, नऊ!’’

‘‘छे, आठच. तो येणाऱ्याचा.’’

‘‘कोण येणार आहे?’’

‘‘मला काय ठाऊक? कुणीतरी येतंच.’’

‘‘अहो, मग तो मोजायला नको?’’

‘‘पाहुण्याला कुणी मोजतं का, जावईबापू?’’

दर मापामागे एक चमचा मैदा हिशेबाबाहेर! त्या दिवशी मी मावशींना बरंच बोललो. त्या ऐकत राहिल्या आणि गोळे वळत राहिल्या. कुसुम दुरुस्त तक्ता घेऊन इंदूरला गेली, नववा चमचा तिने अंदाजानेच घातला आणि पहिल्याच खेपेला जिंकली.

मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. तक्त्याची नक्कल आमच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे. मैदा, साखर, तूप, सगळं तोळ्या-माशांत. तळाशी एक ओळ आहे, ‘येणाऱ्याचा चमचा’. त्याचं वजन करायला मी दोनदा तराजू काढला आणि दोनदा परत ठेवला. तेवढा रकाना कोरा आहे.