टेकाडावरची काच

काचेच्या दुकानात कटिंगचे तुकडे साठतात, तसे किस्सेही साठतात. टाकून द्यायचं मन होत नाही. वाटतं, कुठल्या तरी फ्रेमला बसेल. चिखलीत माझं काच-आरशांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, धंदा बोटं कापून शिकलो. पण उंद्रीजवळच्या टेकाडाचे किस्से कुठल्याच फ्रेममध्ये मावले नाहीत.

*

आमच्या गावचे इतिहासाचे रिटायर्ड गुरुजी एका रविवारी म्हणाले, "चला शेठ, इंग्रज नुकते आले होते तेव्हाचा काच कारखाना दाखवतो!"

कारखाना म्हणजे नामदेवभाऊंच्या वावरातलं बाभळींनी भरलेलं टेकाड. गुरुजींनी मातीतून एक हिरवट खडा उचलून दिला. मी तो धोतराला पुसला, दातावर वाजवला.

"काचच आहे. आत बुडबुडे आहेत, म्हणजे जुन्या भट्टीची."

"कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"गुरुजी, पुस्तक दातावर वाजत नाही!"

*

नामदेवभाऊंना मात्र इतिहासाचं काही पडलेलं नव्हतं. "अर्धा एकर फुकट जाऊन राह्यला, शेठ. जेसीबी सांगितली हाय. मले सोयाबीन पाह्यजे, काच नाही!"

गुरुजींचा चेहरा उतरला. कित्येक वर्षं अर्ज करून आता कुठं पुरातत्त्वच्या मॅडम पुढच्या शनिवारी येणार होत्या.

"ठीक हाय," नामदेवभाऊ म्हणाले. "मॅडमनं खरं म्हटलं तं टेकाड ठेवतो. नाही तं सोमवारी सपाट!"

एवढं बोलून त्यांनी लिंबाखालच्या तीन विटांच्या चुलीवर चहाचा गंज चढवला. गंज घसरला आणि अर्धा चहा गुरुजींच्या अर्जावर!

"या विटाच गुळगुळीत, गुरुजी. बापाच्या काळापासून अशाच!"

*

बुधवारी गुरुजी धापा टाकत दुकानात. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. "शेठ, कारखान्याची अख्खी काच सापडली! खिडकीची!"

मी कड पाहिली. कटरची सरळ रेघ.

"गुरुजी, ही बाथरूमच्या खिडकीची पट्टी आहे. मागच्या दिवाळीची. माझ्याच दुकानातली."

दरवर्षी माझ्या दुकानातली कटिंगची काच नामदेवभाऊंच्या ट्रॅक्टरमधून जाते. माझी अट एकच, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी टाका. मी फोन लावला. "भाऊ, माझी काच कुठं टाकता?"

"त्या टेकाडावर, शेठ. तिथं तशीही काच होतीच ना!"

*

मॅडमना वर माझाच कचरा दिसला असता, तर त्यांनी सगळ्याच टेकाडाला कचरा म्हटलं असतं. म्हणून गुरुवार-शुक्रवार मी दुकान बंद ठेवलं आणि उकिडवा बसून काच वेचली. सपाट ती माझी, बुडबुड्यांची ती इंग्रजाच्या काळची.

वावराच्या धुऱ्यावरून नामदेवभाऊ बायकोला ओरडून सांगत होते, "पाह्य वं, चिखलीचे शेठ तण निंदाले आले!"

*

शनिवारी मॅडम आल्या. टेकाडावर चढल्या, उतरल्या.

"काच काय, कुठंही सापडते. दुकानदार आणून टाकतात."

मी लिंबाकडे पाहू लागलो.

"भट्टी कुठंय? भिंत, बांधकाम, काही?"

गुरुजींनी फाईल उघडली. मिटली.

"मंग सोमवारी जेसीबी," नामदेवभाऊ म्हणाले. "पण चहा तं घ्या, मॅडम."

गंज पुन्हा घसरला. मॅडम चुलीजवळ खाली बसल्या. पर्समधली किल्ली काढून बाहेरच्या अंगानं विटेची काजळी खरवडली. आत बाटलीसारखी हिरवीगार काच, गुळाच्या पाकासारखी ओघळून थिजलेली!

"या भट्टीच्या विटा कुठून आणल्या?"

"माह्या बापानं टेकाडातूनच काढल्या. खाली भिंतच हाय ना, चांगली लंबी!"

गुरुजी पुढं सरसावले. "अहो नामदेवराव, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काच इचारत होते, गुरुजी. चूल कोण इचारते!"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुम्ही काचेचे व्यापारी ना? इथं किती वेळा चहा घेतलाय?"

मी कप हळूच खाली ठेवला.

"आधी ही चूल विझवा," मॅडमनी टेप काढला. "कोणी हात लावायचा नाही."

नामदेवभाऊ बाजूला गेले, खिशातून मोबाईल काढला. "हॅलो, सोमवारी जेसीबी आणू नको बे... काऊन म्हंजे? इथं माही चूलच सरकारजमा होऊन राह्यली!"