चौथ्या मजल्यावरचं बेथलेहेम

आभार मानायलाच लिहायला बसले आहे, पण आधी राग सांगून टाकते. तो पोटात ठेवला तर आभारही धड मानता येणार नाहीत.

आमच्या वसईकडच्या मंडळींचा इथं कुवेतला एक प्रार्थनागट आहे. त्यांची जेरुसलेम-बेथलेहेमची यात्रा ठरली आणि ऐनवेळी माझं नाव गाळलं. कारण काय, तर माझे गुडघे. यात्रा जमवणारा गृहस्थ माझ्या लेकाच्या वयाचा. मला म्हणतो, "आंटी, तिकडे चढउतार फार. तुमच्यामुळे सगळा ग्रुप अडकेल. घरूनच प्रार्थना करा, देवाला सगळं सारखंच." सारखंच आहे तर तू कशाला चाललास रे बाबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. हौस म्हणून नव्हतं जायचं मला. माझी लेक इथं नर्स आहे. करोनात वॉर्डात काम करता करता तीच आडवी झाली, मशीनवर गेली, मला काचेतूनसुद्धा बघू देईनात. तेव्हा इथल्या हवल्ली भागातल्या या फ्लॅटच्या फरशीवर पडून मी नवस बोलले होते, मरियामाय, माझं लेकरू परत दे, तुझ्या लेकराच्या गावी येऊन माथा टेकवीन. लेक परत आली, ड्युटीवरही लागली. आता नवस न फेडता मी डोळे मिटले तर?

गाऱ्हाणं घेऊन फादरांकडे गेले. त्यांनी समजूत काढायला जुनी गोष्ट सांगितली. शेकडो वर्षांपूर्वी युरोपातले संन्यासी जहाजानं, पायी जेरुसलेम गाठायचे आणि परतल्यावर सगळं लिहून ठेवायचे, भाडं काय पडलं, पाणी कसं होतं, कुणी फसवलं. मठाबाहेर पडायची मुभा नसलेल्या सिस्टर्ससाठी त्यांतल्या एकानं वेगळं पुस्तक लिहिलं, रोजचा टप्पा ठरवून. सिस्टर्सनी जागच्या जागी मनानं चालायचं, आणि पुण्य म्हणे खरोखर जाणाऱ्यांहून जास्त. मी विचारलं, "फादर, तो स्वतः गेला होता ना?" फादर हसले. म्हणाले, "दोनदा." बघा म्हणजे! पुण्य घरातच जास्त होतं, तर हा दुसऱ्यांदा कशाला गेला? बायकांनी घरी बसायचं, ही रीत तेव्हापासूनची.

त्या तिरमिरीतच दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर काठी घेतली आणि आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये चालायला लागले. लिफ्ट म्हणजे बंदर. जिन्याजवळ जेरुसलेम. पॅसेज संपतो तिथलं शेवटचं दार बेथलेहेम. रोज तिथं जाऊन हात जोडून उभी राहायची. खरं सांगू, प्रार्थना थोडी आणि भांडण फार. बोलवायचंच नव्हतं तर नवस ऐकलास कशाला, असं मरियामाईला विचारायची आणि रडायची.

एका सकाळी ते दार उघडलं. माझ्याहून म्हातारी बाई, डोक्याला रुमाल, मागून वेलदोड्याच्या कॉफीचा वास. दाराच्या भिंगातून ती मला रोज बघत होती. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. माझ्या दारात का रडतेस, म्हणून तिनं विचारलं. मी गांगरले. परक्या घरच्या, त्यातून मुसलमान बाईच्या दाराचं मी परस्पर देवस्थान करून टाकलेलं. पण खोटं बोलवेना. म्हटलं, तुझ्या दाराला मी बेथलेहेम मानलंय. तिनं चौकटीचा आधार घेतला. म्हणाली, "मी तिथलीच आहे."

येशूच्या जन्मस्थानी जे मोठं चर्च आहे, त्याच्या मागच्या गल्लीत तिचं माहेर. लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती पोरींबरोबर चर्चमध्ये लपाछपी खेळलेली. लग्न होऊन कुवेतला आली, पुढे गाव इस्रायलच्या ताब्यात गेलं आणि परतीचे कागदच मिळेनात. आई गेली तेव्हाही जाता आलं नाही. स्वतःच्या जन्मगावी जायला बंदी! इतके दिवस मी एकटीसाठी संतापत होते, आता दोघींच्या वाटचं संतापले.

माझ्या नवसाचं ऐकून ती म्हणाली, त्या चर्चचं दार फार ठेंगणं आहे, कितीही मोठा माणूस आला तरी वाकूनच आत जातो. आणि स्वतःच्या दारात उभं राहून तिनं हात आडवा धरला, छातीच्याही खाली. "एवढंच उंच," ती म्हणाली. "वाक."

माझे गुडघे वाकत नाहीत, कंबर अजून वाकते. काठी भिंतीला लावली आणि तिच्या हाताखालून डोकं घालून आत गेले. तोल जाणार तोच तिनं दुसऱ्या हातानं सावरलं आणि माझा माथा तिच्या तळहातावर टेकला. तिथं जे रडले, त्यात भांडण नव्हतं. मग ती बाहेर आली, मी हात आडवा धरला, आणि ती माझ्या हाताखालून वाकून आपल्या गावात गेली.

त्या यात्रावाल्यावरचा राग गेला असं म्हणणार नाही. भेटला की ऐकवणार आहे. पण कुठून जायचं आणि कुठं पोचायचं, हे आता मी ठरवत नाही. मरियामाय, तुझे उपकार. आम्हां दोघींना तू एकाच दारातून आत घेतलंस.