दोन घमेली वाळू

पुंडलिक गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गांधीबागेतल्या दुकानात एका बाईंना अस्तराचं कापड मोजून देत होतो. आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला आणि खाली दोन ओळी. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. मी वाचलं, मोबाइल उलटा ठेवला आणि कापड मोजून पूर्ण केलं. संध्याकाळी घाटावर गेलो, पण सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. कोणीतरी म्हणालं, "प्रभाकर, तू समोर हो, तुहा तं जिगरी होता." मी समोर झालो नाही. त्याच्या तोंडाकडे सरळ पाहायची माझी हिंमत चार वर्षांपूर्वीच गेली होती... ती का गेली हे तोवर मी कोणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

महालातल्या एका गल्लीत पुंडलिकचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. गांधीबागेतून कापड नेणारे निम्मे टेलर त्याचेच गिऱ्हाईक, आणि त्यातले बरेचसे मीच पाठवलेले. जुन्या मशीनचे पार्ट मिळेनासे झाले तेव्हा लोकांनी मशीन भंगारात घालायला सुरुवात केली. याला ते सहन होईना. त्याने मोबाइलवर पाहून पाहून घरच्या घरी धातू ओतायची एक रीत शिकून घेतली आणि मागच्या आवारात भट्टी मांडली. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतला थर्माकोल तो तापल्या तारेने कापून हव्या त्या पार्टाच्या आकाराचा करी. त्यावर भिंतीची पुट्टी पातळ करून लेप देई, दोन दिवस सुकवी, मग तो साचा लोखंडी ड्रममध्ये कोरड्या वाळूत पुरायचा. वरून वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं की थर्माकोल जळून जायचा आणि त्याच्या जागी धातू बसायचा. जुनी पातेली, फुटके पिस्टन यांतून असं चाक, असा दांडा बाहेर निघालेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच फुटलं होतं.

वाळू भरायचं काम माझं. दर रविवारी सकाळी मी जायचो. साच्याभोवती हळूहळू वाळू सोडायची, मग लाकडी हातोडीने ड्रम चहूबाजूंनी ठोकत राहायचं, म्हणजे वाळू प्रत्येक खाचेत जाऊन बसते. सैल राहिली तर धातू तिथे घुसतो आणि सगळं वाया जातं. पुंडलिक ड्रमला कान लावून बसायचा. आवाज पोकळ असला की बोट हलवून "आणखी" अशी खूण करायचा. आवाज भरीव झाला की मान डोलवून म्हणायचा, "बसली." वाळू कोरडी आहे का हे मात्र तो दर वेळी स्वतः पाहायचा. मूठभर घेऊन गालाला लावायचा. ओल्या वाळूवर तापलेला धातू पडला तर पाण्याची वाफ होऊन तो उसळतो, हे त्याने मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

त्या रविवारी सावनेरला माझ्या साळ्याच्या पोरीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. पुंडलिकने एका शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी मशीनचं पायडल करायला घेतलं होतं. तिचा डावा पाय पोलिओने अधू, एका पायाने दाबता येईल असं रुंद पायडल तिला हवं होतं. साचा मोठा, त्यामुळे ड्रम भरेना. कोरड्या वाळूचं पोतं गच्चीवर होतं. मी निघायच्या घाईत होतो. नळाशेजारी वाळूचा एक ढीग पडला होता, वरून उन्हाने पांढरा झालेला. त्यातली दोन घमेली मी भरून आणली. ड्रममध्ये ओतताना ती हाताला गार लागली... हे मला कळलं होतं. न कळता झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. पुंडलिक भट्टीजवळ होता. त्याने तिथूनच विचारलं, "झालं का गा?" मी म्हटलं, "झालं." तो माझ्या शब्दावर विसंबून आला आणि वाळू गालाला न लावताच त्याने धातू ओतला.

धातू उसळला तो त्याच्या उजव्या हातावर. हातात सुती मोजा होता, धातू त्यालाच चिकटला. तो ओरडलाही नाही. चिमटा नीट खाली ठेवला, भांडं मला लागू नये म्हणून पायाने बाजूला सारलं आणि मग बसला.

दवाखान्यात तो पंधरा दिवस होता. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी वळलीच नाहीत. मी रोज जायचो. एक दिवस त्याची बायको, सुमनवहिनी, चहा आणायला गेल्या तेव्हा तो मला म्हणाला, "मीच पाहाले पाहिजे होती गा वाळू. इतक्या वर्षांत एकडाव नाही पाहिली न् तवाच..." सांगायची वेळ तीच होती. मी मोसंबी सोलत होतो. सालीवरचा पांढरा पापुद्राही काढला, एक एक फोड त्याच्या डाव्या हातात दिली.

मग माझं जाणं कमी झालं. आधी गुडघे दुखत होते, मग दुकानात माणूस कमी होता, मग दिवाळीचा फराळ द्यायला तेवढा जायचो, तोही दारातून. शेवटचा भेटला तो भाजीच्या गाडीवर. पिशवी डाव्या हातात. म्हणाला, "ये ना गा एखाद्या रविवारी. काहून येत नाही?" मी म्हटलं, "येतो." तो गेला तेव्हा त्या गोष्टीला पाच महिने झाले होते.

तेरवीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी गेलो. वहिनी गच्चीवर होत्या. गच्चीभर जुन्या साड्या अंथरून त्यावर वाळू पसरलेली होती आणि त्या फावडीने ती खालीवर करत होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की हात भाजल्यापासून हे रोज वाळू वाळत घालायचे. ओतायचं काही नसलं तरी. पावसाळ्यात घरात आणून पंख्याखाली पसरायचे. दुसऱ्याचं काम मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही. ती पायडलवाली बाई दोनदा येऊन गेली. तिला म्हणाले, बाई, दुसरीकडे जा, आता माझा मलेच भरवसा नाही.

मी कठड्याला टेकलो. पुंडलिकची बोटं गेली तेवढंच मी चार वर्षं मनात धरून होतो. एवढा जपून काम करणारा माणूस, माझ्या गप्प राहण्यामुळे स्वतःला निष्काळजी समजत गेला, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मग मी वहिनींना सगळं सांगितलं. साक्षगंध, नळाजवळचा ढीग, दोन घमेली, हाताला लागलेला गारवा. त्या ऐकत होत्या, फावडी थांबली होती. रागावतील असं वाटलं, रडतील असंही वाटलं.

"मले काहून सांगून राहिले भाऊजी आता?" त्या म्हणाल्या. "त्यायले सांगायचं होतं."

जिना उतरून निघून जावं असं मनात आलं. तसा मी निघूनच जात आलो होतो, चार वर्षं. वहिनींनी पुन्हा फावडी चालवायला घेतली. त्यांना दम लागत होता. मी पुढे होऊन हात केला. क्षणभर त्यांनी दिली नाही, मग दिली आणि सावलीला जाऊन बसल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आजही म्हटलेलं नाही.

आता मी रविवारी जातो. वहिनी दार उघडतात, फारसं बोलत नाहीत. या वाळूत आता कोणी काही ओतणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी ती वाळत घालायची राहत नाही. खालची वर, वरची खाली करत मी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. शेवटी मूठभर उचलून गालाला लावतो, तो लावायचा तशी. वहिनी खालून विचारतात, "कोरडी हाय का?" तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही. हात आणखी खोल घालतो, तळातली मूठ काढून पाहतो, आणि मगच सांगतो.