रायफलची धुरकट दुर्बीण

शनिवारची दुपार, बेंगलोरचा कँटोन्मेंट, आणि बंदुकांच्या दुकानात उभी असलेली मी एकटीच बाई. साठच्या दशकाची सुरुवात असेल... लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी हे पहिल्यांदाच लिहितेय.

आमचे हे बेळगावकडचे. इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. मशीनच्या सुट्या भागांतला केसाएवढा फरक हेरायचा आणि माल पास-नापास करायचा, हेच त्यांचं काम. रविवारी रायफल क्लब. तिथे पॉइंट टू-टूची रायफल, आणि सरावाला घरी एअरगन.

क्वार्टर्सच्या परसात विटेवर ठेवलेली काड्यापेटी ह्यांच्या हातून सहसा सुटायची नाही. पण त्या पावसाळ्यानंतर नेम चुकायला लागला. हे म्हणाले, आता शंभर यार्डांवर मारायचं तर नळीच्या टोकावरची साधी खूण पुरायची नाही, दुर्बीण हवी.

नवी दुर्बीण परदेशातून मागवणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. साहेबलोक जाताना मागे ठेवून गेलेल्या जुन्या दुर्बिणी या दुकानात मिळायच्या. बारीक नळीच्या, चारपट मोठं दाखवणाऱ्या, आमच्या खिशाला झेपतील अशा. दुकानाचे म्हातारे मालक बेंगलोरच्या जुन्या मराठी घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

ह्यांनी पहिली दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली, सवयीने डावा मिटला आणि दारातून समोर पाहिलं. "धुरकट आहे." अण्णांनी काच पुसून दिली. तरी धुरकटच... मग ह्यांनी ती माझ्या हातात दिली. "बघ, तूच सांग."

रस्त्यापलीकडे कॉफीच्या पुडीचं दुकान होतं. मी साताऱ्याची, कानडी अक्षरं नुकतीच गिरवायला लागले होते. दुर्बिणीतून एकेक अक्षर लावत मी वाचलं... काफी पुडी. खालची बारीक ओळसुद्धा दिसली, पाटीच्या रंगाला गेलेला तडाही दिसला.

आणि मी म्हणाले, "हो, धुरकटच आहे."

परक्या दुकानात नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं. माहेरी तशीच शिकवण होती. हे खूश झाले, अण्णांनी मात्र माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसरी दुर्बीण आठवडाभर घरी आणून एअरगनवर बसवली. तीही धुरकट. ह्यांच्याकडे कारण तयार होतं... एअरगनचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, रायफलच्या दुर्बिणीला तो सोसत नाही, आतली काच हलते. असं खरंच होतं हो!

तिसरी येलहंकाच्या बाजूला क्लबच्या मैदानावर रायफलला लावली. ती म्हणे जवळच्या अंतरासाठी जुळवलेली, म्हणून शंभर यार्डांवरचं अंधुक. असंही होतं. माणसाला आपल्या विषयातलं फार कळत असलं, की सबबीसुद्धा पक्क्या सापडतात. दर वेळी हे मला बघायला लावायचे, आणि दर वेळी मी मान डोलवायची.

मला शंका आली नव्हती असं नाही. संध्याकाळी फिरायला निघालो की हे म्हणायचे, रस्त्यावरच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय बघ. मला काहीच दिसायचं नाही. पण ज्याची भाकरीच डोळ्यांवर, त्याला डोळ्यांबद्दल विचारायची माझी छाती झाली नाही. "किती छान," म्हणायचे मी.

तिसरी दुर्बीण परत करायला गेलो, तेव्हा हे बाहेर सायकलला कुलूप लावत होते. तेवढ्यात अण्णा हळूच म्हणाले, "अक्का, तिन्ही दुर्बिणी सरी आहेत, काही खोट नाही. सायबांचे डोळे स्वल्प डॉक्टरला दाखवून घ्या."

मला इतका राग आला! स्वतःचा माल खपवायला म्हातारा माझ्या नवऱ्यात खोट काढतोय, असं वाटलं. ह्यांना त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. उलट घरी येऊन म्हटलं, त्या दुकानात पुन्हा जायला नको.

चार महिन्यांनी कारखान्याच्या वार्षिक तपासणीत सगळं उघडं पडलं. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा होता, डावा औषधांवर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. आधी दाखवलं असतं तर उजवाही बहुतेक वाचला असता... असंही डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कळलं कसं नाही तुम्हाला?" हे अगदी साधेपणाने म्हणाले, "अहो, दुर्बिणीच खराब मिळत गेल्या. हिनेपण बघितल्या ना."



परतताना बसमध्ये ह्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "तुला नीट दिसत होतं ना गं?" मी हो म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते, मी रडत होते ते त्यांना दिसलं नाही.

पुढे त्यांना स्टोअर्समध्ये टेबलाचं काम मिळालं. क्लब सुटला, एअरगन कुणाला तरी देऊन टाकली. चाळीस वर्षं संसार केला आम्ही, पण हा विषय त्यांनी परत काढला नाही. एकदाही रागावले नाहीत... रागावले असते तर मी सुटले असते.

आता हे नाहीत, अण्णाही नाहीत. माफी मागायची तरी कुणाची? घरातलं माणूस "धुरकट दिसतंय" म्हणालं, तर त्याचं मन राखत बसू नका, एवढंच सांगते. मला फक्त चार शब्द बोलायचे होते...

अहो, मला स्वच्छ दिसतंय.