मधोमध मोडणारी भाकरी

तुम्हाला म्हणून सांगतो, घाटकोपरच्या टेकडीवरच्या द्रौपदीकाकू माणदेशातल्या, कोरड्या रानात पिकणाऱ्या बाजरीवर वाढलेल्या. नवरा जगन्नाथ कोकणातला, डोंगरउतारावरच्या नाचणीचा. त्यानं नाचणी मागितली की काकू म्हणायच्या, "त्या काळ्या भाकरीनं पोट भरतं व्हय?" जन्मभर बाजरीच वाढली.

तो गेला आणि काकूंची प्रत्येक भाकरी तव्यावरच मधोमध मोडू लागली.

मी चिडवलं, "पीठ शिळं असेल."

काकूंनी ताजं दळून आणलं, तरी मोडली.

शेजारची शीतल हळूच म्हणाली, "काकू, एकदा नाचणीची ठेवा ना काकांच्या नावानं. सुटतील बिचारे."

काकूंनी दोन तुकडे दोन ताटांत वाढले.

"म्हणूनच ठेवत नाही गं. सुटले तर मी जेवू कुणाबरोबर?"